गिटार नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूर, बीड, जालना अशा गावोगावच्या नवशिक्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. येथे गिटार म्हणजे सहा तारांची, विजेवर न चालणारी साधी गिटार समजावी. आपल्यापैकी बहुतेकांचे कान पेटी, तबला आणि टाळ ऐकत घडलेले आहेत. ते ऐकणे गिटारच्या शिक्षणात फार कामाला येते, म्हणून शक्य तेथे उत्तरे त्याच भाषेत दिली आहेत.

१. माझे वय चाळीसच्या पुढे आहे. आता गिटार शिकता येईल का? आणि मुलाला कितव्या वर्षी बसवावे?

वयाची वरची मर्यादा नाही. प्रौढ माणसाची बोटे थोडी सावकाश वळतात, परंतु लय आणि सूर ओळखण्याची समज त्याच्याकडे आधीपासून असते. मूल सात-आठ वर्षांचे झाले की सुरुवात करता येते. मात्र त्याच्या हाती पूर्ण आकाराची गिटार देऊ नये. पूर्ण आकाराच्या क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारवर तारेची वाजणारी लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते, तर पाऊण आकाराच्या गिटारवर ती ५८० मिलिमीटरच्या आसपास असते. लहान मुलाची बोटे पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, पसरायची असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो.

२. नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी की स्टीलच्या तारांची?

गाण्याला साथ करायची असेल तर स्टीलची घ्यावी. एकेक सूर छेडून वाजवायचे असेल, किंवा शिकणारा लहान असेल, तर नायलॉनची घ्यावी. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, पण त्या गिटारची मान रुंद असते. नटजवळ, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या ज्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात तेथे, क्लासिकल गिटारची रुंदी सुमारे ५२ मिलिमीटर आणि स्टीलच्या गिटारची सुमारे ४३ मिलिमीटर असते. त्यामुळे लहान पंजा असलेल्यांना नायलॉनच्या गिटारवर काही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, अधिक अवघड जातात.

एक गोष्ट कधीही करू नये. नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावू नयेत. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोपर्यंत जातो आणि नायलॉनचा त्याच्या जवळपास निम्मा असतो. नायलॉनसाठी बांधलेली हलकी गिटार तो ताण सोसत नाही; तिची मान वाकते किंवा ब्रिज, म्हणजे फळीवर तारा जेथे अडकवतात तो लाकडी तुकडा, उखडून येतो. गावातल्या दुकानात "कोणतीही तार चालते" असे सांगितले जाते, ते ऐकू नये.

३. आमच्या तालुक्याला गिटारचे दुकान नाही. ऑनलाइन मागवली तर हातात आल्यावर काय तपासावे?

ऑनलाइन मागवण्यास हरकत नाही, परंतु परत करण्याची मुदत संपण्याआधी पुढील तपासणी अवश्य करावी. नवशिके ज्याला स्वतःच्या बोटांचा दोष समजतात, तो पुष्कळदा वाद्याचा असतो, आणि महिनाभर झगडून हताश झाल्यावर तो लक्षात येतो.

पहिली तपासणी तारांच्या उंचीची, जिला ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. कंपासपेटीतील पट्टी चालेल, पण शून्याच्या खुणेआधी पट्टीला थोडी मोकळी कड असते, ती मोजलेल्या अंतरात मिळवावी. सर्वांत जाड तारेखाली सुमारे अडीच आणि सर्वांत पातळ तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर अंतर स्टीलच्या गिटारला योग्य असते. नायलॉनच्या गिटारला त्याहून एखादा मिलिमीटर जास्त चालते. स्टीलच्या गिटारवर हे अंतर चार मिलिमीटर भरले तर ती शिकण्यायोग्य नाही, मग दिसायला कितीही सुंदर असो.

दुसरी तपासणी मानेची. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तार व फ्रेट यांच्यामध्ये किती फट राहते ते पाहावे. पातळ कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट मुळीच नसेल तर तारा करकरतील. मोठी असेल तर मान पुढे झुकली आहे. मानेत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली धातूची सळई, असेल तर तो ॲलन किल्लीने फिरवून हे दुरुस्त होते, परंतु एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि किल्ली अडखळली तर जोर लावू नये.

तिसरी तपासणी सुराची. प्रत्येक तार मोकळी छेडावी, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून छेडावी. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तेथे तोच स्वर वरच्या सप्तकात मिळाला पाहिजे. तो ठळकपणे चढा किंवा उतरलेला वाटला, तर त्या गिटारवर वरच्या फ्रेटवर वाजवलेले काहीही सुरात येणार नाही. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून पाहावी. यास दहा मिनिटे लागतात.

किमतीबाबत एवढेच सांगता येईल की अगदी स्वस्त गिटारवर वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात. घरात कोणाची जुनी, पण मान सरळ असलेली गिटार पडून असेल, तर नवीन तारा लावून तिच्यावरच सुरुवात करावी.

४. सहा तारांची नावे लक्षात राहत नाहीत. पेटीच्या पट्ट्यांत सांगता येतील का?

येतील, आणि पेटी माहीत असलेल्यांनी ती तशीच लक्षात ठेवावीत. तारांची मोजणी पातळ तारेपासून सुरू होते. गिटार मांडीवर घेतल्यावर जमिनीच्या बाजूला असलेली सर्वांत पातळ तार पहिली आणि छताच्या बाजूची सर्वांत जाड तार सहावी. सहावी तार ई, म्हणजे पांढरी तीन. पाचवी ए, म्हणजे पांढरी सहा. चौथी डी, म्हणजे पांढरी दोन. तिसरी जी, म्हणजे पांढरी पाच. दुसरी बी, म्हणजे पांढरी सात. आणि पहिली पुन्हा ई, म्हणजे पांढरी तीन, पण सहाव्या तारेपेक्षा दोन सप्तके वर.

फ्रेट एकेक पुढे सरकला की स्वर पेटीवरील लगतच्या पट्टीवर जातो, मग ती काळी असो वा पांढरी. म्हणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे पांढरी चार, दुसरा म्हणजे काळी तीन, तिसरा म्हणजे पांढरी पाच. एवढे कळले की गिटारवरील कोणताही स्वर स्वतः मोजून काढता येतो.

५. ट्यूनर नसताना गिटार सुरात कशी लावावी?

मोबाइलवरील मोफत ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारे ॲप, किंवा मानेला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर हे सोपे मार्ग आहेत, आणि सुरुवातीला तेच वापरावेत. तरीही केवळ कानाने लावण्याचा सराव आठवड्यातून एकदा तरी करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण बेसूर गिटारवर केलेला रियाज कानालाही बेसूर सवय लावतो.

पद्धत अशी. पाचवी तार पेटीच्या पांढऱ्या सहाशी जुळवावी. तिचा पाचवा फ्रेट दाबला असता जो स्वर येतो तोच मोकळ्या चौथ्या तारेचा असला पाहिजे. चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी तिसरी तार मिळवावी. येथे एक अपवाद आहे: दुसरी तार मिळवताना तिसऱ्या तारेचा पाचवा नव्हे, चौथा फ्रेट दाबायचा. त्यानंतर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी पहिली तार मिळवावी. सहावी तार शेवटी, तिच्या पाचव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या पाचव्या तारेशी जुळवून लावावी.

दोन तारा जवळपास जुळल्या की आवाजात एक लहर ऐकू येते. ती जलद असेल तर अंतर जास्त आहे. ती सावकाश होत होत विरली की तारा जुळल्या. तंबोरा जुळवणाऱ्यांना ही लहर परिचयाची आहे. तार नेहमी खालून वर आणत जुळवावी; चढली असेल तर आधी उतरवून पुन्हा चढवावी, म्हणजे खुंटीतील ढिलेपणामुळे ती मागे सरकत नाही.

६. बोटांची टोके फार दुखतात. हे किती दिवस चालेल?

रोज पंधरा-वीस मिनिटे वाजवल्यास साधारण तीन-चार आठवड्यांत टोकांची कातडी घट्ट होते आणि दुखणे ओसरते. एकाच दिवशी दोन तास वाजवून आठवडाभर विश्रांती घेण्याचा उपयोग होत नाही. कातडी सोलते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डाव्या हाताची नखे मुळापर्यंत कापलेली असावीत. आंघोळ किंवा भांडी-धुणे झाल्यावर कातडी मऊ पडलेली असते, तेव्हा लगेच वाजवायला बसू नये.

टोकांची जळजळ अपेक्षित आहे. मनगटात कळ येणे, बोटांना मुंग्या येणे किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणे मात्र अपेक्षित नाही. तसे झाले तर वाजवणे थांबवावे, बसण्याची पद्धत बदलावी आणि दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. स्टीलच्या तारा फारच बोचत असतील तर तारांचा संच बदलावा. त्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

७. कॉर्ड धरली तरी एखादी तार वाजतच नाही किंवा करकरते. चूक कुठे होते?

सी या कॉर्डवरून पाहू, कारण बहुतेकांची पहिली अडचण तेथेच येते. या कॉर्डमध्ये अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते. तिसरी आणि पहिली तार मोकळी वाजते, सहावी वाजवायची नसते. आता एकेक तार सावकाश छेडावी. तिसरी तार मुकी असेल तर मधल्या बोटाचे पेर आडवे पडून तिला टेकले आहे. पहिली तार मुकी असेल तर तर्जनी खाली झुकली आहे. दोन्हींवर उपाय एकच: बोटाचे शेवटचे पेर तारेवर उभे राहील अशा रीतीने मनगट थोडे पुढे काढावे आणि अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर ठेवावा.

करकर मात्र वेगळ्या कारणाने होते. बोट दोन फ्रेटच्या मधोमध पडले की अधिक दाब लागतो आणि तो कमी पडला की तार करकरते. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ लागून, पण तिच्या अलीकडे ठेवले तर निम्म्या दाबात स्वच्छ स्वर येतो. हे करूनही ठरावीक फ्रेटवरच करकर राहिली तर दोष वाद्याचा आहे. प्रश्न ३ आणि १८ पाहावेत.

८. सुरुवातीला कोणत्या कॉर्ड शिकाव्यात आणि किती दिवसांत गाणे वाजवता येईल?

पहिल्या दोन आठवड्यांत ई मायनर, ए मायनर आणि डी पुरेशा आहेत. पुढे जी, सी, ए, ई. या सात कॉर्डमध्ये तीन कुटुंबे सापडतात: जी-सी-डी, डी-जी-ए आणि ए-डी-ई. प्रत्येक कुटुंबात पहिली कॉर्ड म्हणजे षड्ज, दुसरी मध्यम आणि तिसरी पंचम. साधी भजने, भीमगीते आणि भावगीते यांतील पुष्कळशी चाल या तीन स्थानांवर सावरता येते. नियमित सराव करणाऱ्याला दोन-तीन महिन्यांत एका गाण्याला न अडखळता साथ करता येते. "सात दिवसांत गिटार" असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

९. कॉर्ड बदलताना लय तुटते. वेग कसा वाढवावा?

वेग वाढवू नये, लय कमी करावी. अगदी संथ लयीत मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे साधन) किंवा तबल्याचे ॲप लावून दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजवाव्यात. बदलाची मात्रा आली की बोटे पूर्ण बसलेली नसली तरी उजवा हात फिरवावाच. कॉर्ड अर्धवट वाजली तरी चालेल, पण सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, चुकता कामा नये. गाणाऱ्याला एखादी मुकी तार खटकत नाही, निसटलेली सम मात्र लगेच खटकते. शिवाय दोन कॉर्डमध्ये सामाईक बोट असेल तर ते उचलू नये. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागेवरच राहतात. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते.

१०. केहरवा आणि दादरा गिटारवर कसे वाजवावेत? यूट्यूबवरचे स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवून धरलेली लय) आमच्या गाण्यांना बसत नाही.

ते बसत नाही, कारण त्या पाठांत बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वजन असते, तर आपल्या ठेक्यात वजन समेवर असते आणि 'खाली' या हलक्या मात्रेवर ते उतरते. म्हणून आधी ठेका तोंडाने म्हणावा आणि मग हात चालवावा.

केहरव्याच्या आठ मात्रा आहेत: धा गे ना ती, ना क धी ना. विषम मात्रांवर हात खाली आणि सम मात्रांवर वर, असा तो अखंड फिरत ठेवावा. हात प्रत्येक मात्रेला फिरतो, तारेला मात्र प्रत्येक वेळी लागत नाही. पहिल्या मात्रेवर जाड तारांसह भरदार आघात करावा; दुसऱ्या मात्रेला हात तारांना न लागता वर जाऊ द्यावा; तिसऱ्या व चौथ्या मात्रेला पातळ तारा छेडाव्यात; पाचवी मात्रा खाली असल्याने जाड तारा वगळून हलका आघात करावा; सहा, सात आणि आठ या मात्रा पुन्हा पातळ तारांवर घ्याव्यात. हात थांबला की लय तुटते, एवढी एक गोष्ट सांभाळली तरी पुरे.

दादऱ्याच्या सहा मात्रांत, धा धी ना, धा ती ना, पहिल्या मात्रेला कॉर्डची मूळ जाड तार एकटी छेडावी, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला पातळ तारा एकत्र. चौथ्या मात्रेला दुसरी एखादी जाड तार हलक्या हाताने, आणि पाच-सहाला पुन्हा पातळ तारा. ए मायनरमध्ये पहिल्या मात्रेला पाचवी आणि चौथीला चौथी तार घेतली तर ठेका आपोआप डोलू लागतो. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागून हीच रीत लावता येते. मात्र रूपकाची पहिली मात्राच खाली असल्याने तेथे आघात हलका ठेवावा.

गोंधळात संबळाच्या जोडीला वाजणारे तुणतुणे लक्ष देऊन ऐकावे, अशी शिफारस मी आवर्जून करतो. एका तारेवर, एकाच स्वरावर, रात्रभर लय न हलू देणारा तो हात उजव्या हाताच्या शिक्षणाचा उत्तम नमुना आहे.

११. आमचे भजनी मंडळ काळी दोनमध्ये गाते. मला फक्त जी, सी, डी येतात. साथ कशी करू?

कॅपो वापरावा. मानेवर आडवा बसणारा हा चिमटा सर्व तारा एकाच फ्रेटवर दाबून धरतो, त्यामुळे ओळखीचे आकार तसेच ठेवून स्वर वर नेता येतो. कॅपो जितक्या फ्रेटवर, तितक्या पट्ट्या स्वर चढतो.

काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी कुटुंबाचे (कुटुंबांसाठी प्रश्न ८ पाहा), किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ए कुटुंबाचे आकार धरावेत. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर डी कुटुंब, किंवा तिसऱ्या फ्रेटवर सी कुटुंब. काळी तीनसाठी दुसऱ्या फ्रेटवर ई, किंवा चौथ्यावर डी. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर जी, किंवा चौथ्यावर ई. काळी पाचसाठी पहिल्या फ्रेटवर ए, किंवा तिसऱ्यावर जी. सी कुटुंबात एफ आणि ई कुटुंबात बी या अवघड कॉर्ड येतात, म्हणून आपल्या मंडळासाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डी-जी-ए हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे; त्यासाठी फक्त ए ही एक कॉर्ड नव्याने शिकावी लागेल. कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, सरळ बसवावा आणि बसवल्यानंतर तारा पुन्हा एकदा जुळवून घ्याव्यात, कारण त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात.

१२. पट्टीप्रमाणे कॅपो बरोबर लावला, तरी कॉर्ड गाण्याशी जुळत नाहीत. असे का?

दोन कारणे संभवतात. पहिले असे की भजनातील काही चाली मध्यमाला षड्ज मानून गायल्या जातात. पेटीवाला "काळी एक" म्हणतो, पण चाल प्रत्यक्षात काळी एकच्या मध्यमावर, म्हणजे काळी तीनवर विसावते. अशा वेळी आकार काळी तीनचे धरावेत; तसेच काळी दोनच्या मध्यमातील चालीसाठी काळी चारचे. गायक ओळीच्या शेवटी ज्या स्वरावर निवांत थांबतो तो पेटीवर शोधला की शंका फिटते.

दुसरे कारण गंधाराचे. चालीत शुद्ध गंधार असेल तर षड्जावर मेजर कॉर्ड लागते आणि कोमल गंधार असेल तर मायनर. भैरवी किंवा काफी अंगाच्या चालीवर मेजर कॉर्ड धरली की दोन गंधार एकमेकांवर आदळतात. शंका असेल तेथे गंधार वगळून फक्त षड्ज आणि पंचम छेडावेत. तंबोऱ्याला चालते ते गिटारलाही चालते.

१३. ट्यूनर सगळ्या तारा बरोबर दाखवतो, तरी पेटीसोबत गिटार बेसूर वाटते. ट्यूनर बिघडला आहे का?

बहुधा नाही. ट्यूनर मधल्या सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांची धरतो. देवळातील जुनी पेटी मात्र वर्षानुवर्षे धूळ आणि दमट हवा यांमुळे थोडी उतरलेली किंवा चढलेली असू शकते. पेटी जागेवर बदलता येत नाही, गिटार येते. म्हणून गिटारने पेटीकडे जावे. पेटीची पांढरी सहा वाजवून ट्यूनर किती कंपने दाखवतो ते पाहावे आणि ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० ऐवजी तो आकडा भरावा. ही सोय बहुतेक ॲपमध्ये असते. नसेल तर प्रश्न ५ मधील रीतीने कानाने लावावी.

१४. एफ कॉर्ड काही केल्या जमत नाही.

सुरुवातीचे काही महिने ती पूर्ण स्वरूपात जमली नाही तरी बिघडत नाही. सहाही तारांवर तर्जनी आडवी टाकण्याऐवजी फक्त चार तारांचा आकार घ्यावा: अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर आणि तर्जनी पहिल्या दोन तारांच्या पहिल्या फ्रेटवर आडवी. पूर्ण आकाराचा सराव पहिल्या फ्रेटऐवजी पाचव्या फ्रेटवर करावा, कारण नटजवळ तार सर्वांत ताठ लागते. तर्जनीचा तळवा न वापरता अंगठ्याकडची कडा वापरली की दाब कमी लागतो. नटच्या खाचा उथळ असलेल्या गिटारवर ही कॉर्ड कोणालाही जड जाते, तेव्हा खाचा तज्ज्ञाकडून खोल करून घ्याव्यात.

१५. नोटेशन वाचता येणे आवश्यक आहे का?

साथीसाठी आवश्यक नाही. टॅब समजणे सोपे आहे: सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, सर्वांत वरची रेघ म्हणजे पहिली, पातळ तार, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. साध्या टॅबमध्ये लय नीट लिहिलेली नसते, म्हणून चाल आधी पाठ असावी लागते. सरगम लिहिता येणाऱ्यांनी भातखंडे पद्धतीने वहीत स्वर आणि मात्रा लिहून घ्याव्यात; ती पद्धत गिटारलाही पूर्ण उपयोगी आहे.

१६. गिटारवर राग वाजवता येतो का?

येतो, आणि थोर वादकांनी तो वाजवून दाखवला आहे. मात्र त्यांची गिटार वेगळी आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूचा दांडा सरकवत राग मांडला. त्याच वाटेने विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दांडा सरकवल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता सरकणे, अखंड येते. साध्या गिटारवर फ्रेट स्वरांना बांधून ठेवतात. तार बाजूला ओढून एक-दोन पट्ट्यांची मींड येते, त्यापुढे नाही.

आणखी एक बारकावा आहे. गिटारचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असल्याने तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भागांनी. तयार कानाला हे जाणवते. तरीही भूप किंवा दुर्गा यांसारख्या पाच स्वरांच्या रागांचे आरोह-अवरोह साध्या गिटारवर बसवणे हा बोटांचा आणि कानाचा उत्तम रियाज आहे.

१७. मी डावखुरा आहे. तारा उलट लावून घेऊ का?

नुसत्या तारा उलट लावून चालत नाही. नटच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि ब्रिजवरील सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पातळ पट्टी, सुरासाठी तिरके बसवलेले असते. तारा उलटल्या की दोन्ही चुकतात. माझा सल्ला असा की अगदी नव्याने शिकणाऱ्या डावखुऱ्याने आधी उजव्या हाताची गिटार महिनाभर वापरून पाहावी, कारण काम दोन्ही हातांना शिकायचे असते आणि गिटार व शिक्षक दोन्ही सहज मिळतात. टाळी किंवा ठेका धरताना उजवा हात मुळीच लय धरत नसेल, तर डावखुऱ्यांसाठी बनवलेलीच गिटार मागवावी.

१८. एप्रिलमध्ये फ्रेटची टोके हाताला बोचू लागली आणि तारा करकरू लागल्या. गिटार खराब झाली का?

ती कोरडी पडली आहे. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मार्च ते मे या काळात पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. लाकूड आकसते, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके मानेच्या कडेबाहेर येतात. वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि करकर सुरू होते. दुर्लक्ष केल्यास फळीला चीर जाते.

उपाय साधा आहे. गिटार भिंतीवर टांगून न ठेवता तिच्या पेटीत किंवा जाड पिशवीत ठेवावी. छिद्रे पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती साबणदाणी पिशवीत, गिटारच्या मानेजवळ ठेवावी. पाणी ठिबकता कामा नये. आठ-दहा दिवसांत बरीच सुधारणा दिसते. कूलरच्या झोतात गिटार कधीही ठेवू नये. दिवसा कूलरची ओली हवा आणि वीज गेली की पुन्हा कोरडी, असा चढउतार नुसत्या कोरडेपणापेक्षा अधिक घातक आहे. पत्र्याच्या खोलीत आणि उन्हात उभ्या गाडीतही ती ठेवू नये. उष्णतेने सरस सैल होतो आणि ब्रिज सुटतो.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. लाकूड फुगते, तारा वर उठतात आणि दाबायला जड जातात. त्या वेळी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ट्रस रॉडला ऋतू बदलताच हात लावू नये. आधी हवा सांभाळावी, मग दोन आठवड्यांनी प्रश्न ३ मधील मानेची तपासणी पुन्हा करावी.

१९. तारा किती दिवसांनी बदलाव्यात? एकच तुटली तर पूर्ण संच घ्यावा का?

रोज वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात. तारेखालून बोट फिरवले असता खरखर लागली, किंवा तारा जुळवूनही कॉर्ड मंद वाटली, तर वेळ झाली आहे. वाजवून झाल्यावर सुती कोरड्या कापडाने तारा पुसल्या आणि डोक्याला तेल लावलेला हात धुऊनच गिटार घेतली, तर त्या पुष्कळ टिकतात. नव्या संचाच्या पाकिटावर पातळ तारेचा आकडा पाहावा: १० किंवा ११ नवशिक्यासाठी, १२ थोडा सराव झाल्यावर. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत असतात. पहिली किंवा दुसरी तार एकटी बदलली तरी चालते. गुंडाळलेली जाड तार तुटली तर संचच बदलावा, कारण जुन्या तारांमध्ये नवी एक फार उठून वाजते.

२०. लातूरला वसतिगृहात राहतो. शेजाऱ्यांना त्रास न देता सराव कसा करावा?

प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याऐवजी) अंगठ्याच्या मऊ भागाने छेडावे आणि ब्रिजजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवावी. आवाज निम्म्याहून कमी होतो आणि लय स्पष्ट ऐकू येते. कॉर्ड बदलण्याचा सराव तर तारा न छेडताही होतो.

२१. एसटीने किंवा रेल्वेने गिटार नेताना तारा उतरवाव्या लागतात का?

रोजच्या प्रवासासाठी नाही. लांबच्या उन्हाळी प्रवासात प्रत्येक तार दोन पट्ट्यांनी उतरवावी. पूर्ण सैल करू नये, कारण मान तारांचा ताण धरून सरळ राहते. गिटार डिकीत किंवा बर्थखाली आडवी न टाकता मान वर करून दोन्ही गुडघ्यांमध्ये धरावी. सर्वांत नाजूक जागा मान आणि डोके यांच्या जोडाची असते. पिशवीत त्या जोडाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. मुक्कामाला पोहोचल्यावर पिशवी लगेच न उघडता अर्धा तास सावलीत राहू द्यावी आणि मग तारा चढवाव्यात.